माननीय सूत्रांस अनावृत पत्र

मा. विश्वसनीय सूत्रे,
(वरिष्ठ सूत्रे, पक्षांतर्गत सूत्रे व आतल्या गोटातील सूत्रे या सर्व शाखांसह)
मुक्काम : ठाऊक नाही

स. न. वि. वि.

मायना लिहिण्यातच सकाळ गेली. आपले नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, आपण श्रीयुत की श्रीमती हेही कळायला मार्ग नाही. 'एक सूत्र अमुक म्हणाले' असे कधी कानावर आले नाही. आपण सदैव अनेकवचनी. त्यामुळे आदरार्थी बहुवचन वेगळे घालावे लागले नाही, एवढीच सोय झाली.

माझी ओळख देतो. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी गणित शिकवायचो, आता निवृत्त आहे. आमच्या विषयात सूत्र म्हटले की पाठोपाठ सिद्धता आली. 'सूत्रानुसार उत्तर बारा' एवढेच लिहून मोकळ्या झालेल्या पोराला मी पाचपैकी एक गुण द्यायचो, तोही अक्षर बरे असेल तर. आपले माझे जमत नाही त्याचे मूळ बहुधा तिथेच आहे.

दुसरे कारण म्हणजे निवडणुकीची ड्यूटी. आधी मतदान अधिकारी आणि नंतर केंद्राध्यक्ष म्हणून मी पुष्कळ निवडणुका काढल्या. आपण निवडणूक स्टुडिओतून पाहता, मी ती शाळेच्या बाकावरून पाहिली. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचे, एसटीतून गावात पोचायचे, वर्गातच सतरंजी टाकायची. पहाटे उठून पक्षांच्या प्रतिनिधींसमोर मॉक पोल. निदान पन्नास मते टाकून दाखवायची, मोजून दाखवायची, मग यंत्र कोरे करायचे, व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात मोहोरबंद करायच्या. कोरे करायचे बटण विसरलात आणि ती पन्नास मते खऱ्या मतांत मिसळली, की केंद्राध्यक्षाची धडगत नाही. संध्याकाळी सहा वाजता रांगेत जितकी माणसे असतील त्यांना सही केलेल्या चिठ्ठ्या द्यायच्या, त्याही शेवटच्या माणसापासून सुरुवात करून, म्हणजे मागून कुणी घुसायला नको. मग नमुना १७-क. किती मतदार आले, किती मते यंत्रात पडली, लिहून प्रतिनिधींना प्रती द्यायच्या. एका वर्षी माझ्या केंद्रावर एकाचा फरक आला. रात्री नऊपर्यंत आम्ही पाच माणसे त्या एका मताच्या मागे होतो. अखेर एक आजोबा निघाले, त्यांनी सही केली, शाई लावून घेतली आणि मत न देताच घरी गेले. म्हैस व्यायची होती म्हणे.

आता २०२४चा १ जून आठवा. लोकसभेच्या सात टप्प्यांपैकी शेवटचा टप्पा त्या दिवशी संपला. मतदानोत्तर चाचण्या मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत दाखवायच्या नाहीत, असा कायदा आहे. त्यामुळे साडेसहाच्या ठोक्याला सगळ्या वाहिन्यांनी एकदम तोंडे उघडली. चाचणीवाले आपले थोरले बंधूच म्हणायचे. ते आकडे सांगतात, आपण त्या आकड्यांची आतली गोष्ट सांगता. एका संस्थेने सत्ताधारी आघाडीला ३६१ ते ४०१ जागा दिल्या. दुसरीने ४००, आणि त्यात १५ कमी किंवा जास्त. तीन दिवसांनी मतमोजणी झाली तेव्हा आघाडी २९३वर थांबली आणि भाजप एकटा २४०वर. पहिल्या संस्थेच्या प्रमुखांना थेट प्रक्षेपणात रडू कोसळले. माणूस रडला म्हणून मला वाईट वाटले, त्यावर मी विनोद करणार नाही. पण ३६१ ते ४०१? मी १७-क वर 'एकूण मते : सहाशे ते सातशे' असे लिहून दिले असते, तर तहसीलदारांनी मला सतरंजीसकट घरी पाठवले असते.

महाराष्ट्रात तर गंमतच झाली. त्याच पहिल्या संस्थेने महायुतीला २८ ते ३२ आणि महाविकास आघाडीला १६ ते २० जागा दिल्या होत्या. निकाल लागला : महाविकास आघाडी ३०, महायुती १७, सांगलीत एक अपक्ष. दोन्ही आकडे अचूक! फक्त नावांची अदलाबदल झाली. वर्गात एखादा पोरगा शेजाऱ्याच्या पेपरातून उत्तर उचलतो आणि ते चौथ्याऐवजी पाचव्या प्रश्नाखाली लिहितो, त्याची आठवण झाली.

आमच्या भाच्याने मात्र हे सगळे मनावर घेतले. ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला, तेव्हा पोराने शेअर घेतले. ४ जूनला तोच सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी आपटला. भाचा अजून आमच्याकडे आला की टीव्हीकडे पाठ करून बसतो.

याची भरपाई कोण देणार, असा बावळट प्रश्न मी विचारत नाही. फक्त एक नियम आपल्या कानावर घालतो. मतदाराने केंद्राध्यक्षाकडे तक्रार केली, की मी दाबले एक आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठीवर आले भलतेच, तर त्याच्याकडून लेखी घ्यावे लागते आणि सर्वांसमक्ष चाचणी मत टाकावे लागते. तक्रार खोटी निघाली तर त्या मतदाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणजे रांगेत दोन तास उभ्या राहिलेल्या म्हातारीने एका मताबद्दल चुकीचे सांगितले तर कैद. आपण शंभर जागांबद्दल चुकीचे सांगितलेत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पुन्हा बोलावणे, आणि शीर्षक बदलून 'ऐतिहासिक निकालाचा अन्वयार्थ'.

दोष सगळा आपलाच आहे असेही नाही. पहिल्या टप्प्याचे मतदान १९ एप्रिलला झाले. केंद्राध्यक्षांचे आकडे त्याच रात्री कागदावर आलेले असतात. पण टक्केवारीचा अंतिम आकडा आयोगाने ३० एप्रिलला दिला, अकरा दिवसांनी. प्रत्यक्ष किती लोकांनी मत दिले ती संख्या २५ मेला, तीही प्रकरण न्यायालयात गेल्यावर. अकरा दिवस घराचे दार उघडे ठेवले तर मांजर शिरणारच. त्या फटीतून आपण शिरलात, आणि आमच्या घरापर्यंत आलात.

घराचे ऐका. माझा धाकटा भाऊ एका बाजूचा, साडू दुसऱ्या बाजूचे. कोण कुठला ते लिहीत नाही, मला दोघांच्याही घरी जेवायला जायचे असते. १ जूनच्या रात्री कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भावाने चाचण्यांचे सात तक्ते टाकले. साडूंनी उत्तर दिले, सगळी माध्यमे विकली गेली आहेत, यंत्रे तर आधीच. ४ जूनला दुपारनंतर साडूंना तीच यंत्रे गंगाजळासारखी निर्मळ वाटू लागली आणि भावाला आमचे मतदार जातीवर गेले असे दिसू लागले. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला. महायुतीला प्रचंड बहुमत, भाजपच्या एकट्याच्या १३२ जागा. दुपारी तीनपर्यंत यंत्रे पुन्हा बिघडली होती आणि तेच मतदार रातोरात सुजाण झाले होते. दोघांच्याही संदेशाची सुरुवात एकच : 'आतली बातमी आहे, सूत्रांकडून.' मी दोघांना विचारले, तुम्ही कधी एखाद्या पक्षाचे पोलिंग एजंट म्हणून केंद्रावर बसलात का, १७-क ची प्रत हातात घेतलीत का? भावाने अंगठा पाठवला. साडूंनी हात जोडल्याचे चित्र.

एक मात्र सांगितले पाहिजे. दोघांच्या सूत्रांचे एकमेकांशी कधीच पटत नाही, तरी दोघांची सूत्रे त्यांना नेमके हवे तेच सांगतात. इतके आज्ञाधारक विद्यार्थी मला उभ्या नोकरीत भेटले नाहीत.

नोव्हेंबरच्या निकालानंतर तर आपली दिवाळीच झाली. मुख्यमंत्र्यांचा शपथविधी ५ डिसेंबरला झाला. मधल्या बारा दिवसांत आपण किती मंत्रिमंडळे बनवलीत याची मी वहीत रेघा मारून नोंद ठेवली, वही भरली. काळजीवाहू मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आमच्याच जिल्ह्यातल्या दरे गावी गेले. कोयनेच्या पाण्याकाठचे गाव. कॅमेरे मागोमाग आले. त्यांना ताप आहे, असे सांगितले गेले. आपण सांगितलेत, नाराजी आहे. दोन दिवस एका वाहिनीवर ताप, दुसऱ्या वाहिनीवर नाराजी, आणि तिसरीवर आठ चौकटींत आठ माणसे एकाच वेळी बोलत होती. मंडळी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आवाज बारीक करा हो, कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात." मी आवाज बंद केला. चर्चेतले काही कमी झाल्यासारखे वाटले नाही.

(मधल्या माणसाला मराठीत सूत्रसंचालक का म्हणतात ते मला त्या संध्याकाळी कळले. सूत्रे चालवतो तो सूत्रसंचालक. विग्रह सोपा होता, एवढी वर्षे सुटला कसा नाही कोण जाणे.)

त्याआधी जूनच्या गडबडीत आमच्या साताऱ्याची एक खरी बातमी आपल्या हातून निसटली. लोकसभेला इथे शरद पवारांच्या पक्षाचे चिन्ह होते 'तुतारी वाजवणारा माणूस'. यंत्रावर आणखी एका अपक्षाचे चिन्ह होते. चित्र पिपाणीचे, पण मराठी यादीतले नाव 'तुतारी'. त्या पक्षाविरुद्ध भाजपचे उदयनराजे ३२,७७१ मतांनी निवडून आले. त्या अपक्षाला पडली ३७,०६२ मते. तिकडे दिंडोरीत त्याच चिन्हाला लाखावर मते गेली, फक्त तिथे विजयाचे अंतर मोठे होते म्हणून निकाल उलटला नाही. ही सगळी मते चुकूनच पडली असे मी म्हणणार नाही, माझ्याकडे सिद्धता नाही. पण चष्मा घरी विसरलेला माणूस यंत्रासमोर किती सेकंद उभा राहतो, ते मी पाहिले आहे. हे आकडे कुणी कानात सांगितलेले नव्हते, उघड्या कागदावर होते. ४ जूनच्या रात्री मी पाहत होतो त्या वाहिनीवर मात्र साताऱ्यातल्या लाटेवर अर्धा तास चर्चा चालली. पिपाणीचा आवाज कुणालाच आला नाही.

आणि १ जूनचे आणखी एक सांगायचे राहिले. त्या दिवशी उत्तर प्रदेशात भयंकर उष्मा होता. निवडणुकीच्या कामावर असलेली ३३ माणसे त्यात गेली, असे तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. त्यांत पहारेकरी होते, सफाई कामगार होते. आमच्यासारखीच साहित्याची पिशवी घेऊन आलेली माणसे. आमच्या टीव्हीवर ती बातमी खालच्या पट्टीवरून सरकत गेली. वर चारशे होणार की नाही यावर आपले निवेदन चालू होते. मी पट्टी पुन्हा येईल म्हणून वाट पाहिली. पुढच्या फेरीत तिथे साबणाची जाहिरात होती.

त्या तेहतीस जणांबद्दल आपल्याकडे काही आतली माहिती असल्यास कळवावी. संध्याकाळची पाण्याची टाकी कोणी भरायची होती, सावलीसाठी मंडप का नव्हता, घरच्यांना पैसे मिळाले का. यातली कोणतीही माहिती आपल्या शाखांकडून मला आजवर मिळालेली नाही.

जाता जाता एक विनंती. इथून पुढच्या कोणत्याही निवडणुकीला आपण आमच्या गावच्या केंद्रावर एकदा यावे. मॉक पोल पहाटे असतो, चहा शिपाईमामा करतात, साखर जास्त असते. पहिला मतदान अधिकारी यादीतले नाव मोठ्याने वाचतो, ते सगळ्या प्रतिनिधींना ऐकू गेले पाहिजे असा नियम आहे. तेव्हा नाव घेऊन यावे. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, बँकेचे पासबुक, वाहन परवाना, रोजगार हमीचे जॉब कार्ड असे बारा पर्याय आहेत. त्यांतले कोणतेही एक चालेल, मात्र त्यावर फोटो हवा.

कळावे,
आपला,
एक माजी केंद्राध्यक्ष