शाईची बचत करणाऱ्या कारकूनसाहेबांस खुले पत्र

रा. रा. पलटणीचे (किंवा रिसाल्याचे) कारकूनसाहेब यांसी,
मुक्काम बंगळूर छावणी (किंवा बेळगाव).

सा. न. वि. वि.

वरच्या कंसांबद्दल राग मानू नये. ते माझे नाहीत, तुमचेच आहेत. तुम्ही आमच्या पणजोबांचं सर्व्हिसचं पान लिहिलंत, तेव्हा पलटण की रिसाला, बंगळूर की बेळगाव, असल्या किरकोळ बाबींत शाई घालवली नाहीत. महायुद्धाचा काळ, काटकसर हवीच. बिल मात्र शंभर वर्षांनी आमच्या नावावर फुटलं.

पान माझ्यासमोर आहे. युनिटच्या रकान्यात शाईचा एक गलेलठ्ठ डाग आणि त्याच्यापुढे दोन अक्षरं : एम. एल. आता तुमच्या काळात दक्षिणेतल्या मराठी माणसाला ‘एम. एल.’ मध्ये शिरायचे रस्ते दोन. एक म्हैसूर लान्सर्स, म्हणजे महाराजांचा रिसाला. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून या मुलखात रुजलेल्या घराण्यांतली मराठा पोरंही त्यात असत. दुसरा मराठा लाइट इन्फंट्री. त्याला शेवटी एक ‘आय’ लागतो, पण तुमच्या हाताला त्या उभ्या रेघेचाही कंटाळा आला असेल, हे मी तुमचं बाकीचं अक्षर पाहून सहज मान्य करतो. डागाखाली आकडा असेल तर पायदळ, नसेल तर घोडदळ. पान उन्हात धरून पाहिलं, भिंगाखाली धरलं, मोबाइलवर फोटो काढून त्याचे रंग उलटे केले. डाग जागचा हलला नाही. पक्की शाई वापरत होतात, अभिनंदन.

यानं एवढं काय बिघडलं, असं तुम्ही विचाराल. सांगतो. म्हैसूर लान्सर्स असतील, तर आमचे पणजोबा २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफावर चालून गेले. समोर कार्मेल पर्वतावर मशीनगनी आणि तोफा, आणि यांच्या हातात भाले. जोधपूरच्या आणि म्हैसूरच्या स्वारांनी ते शहर घेतलं. महिनाभरात, २६ ऑक्टोबरला, अलेप्पोच्या वर हरितानला पुन्हा धावा केला. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या तिघांपैकी एक म्हैसूरचा. पण तुमच्या डागाखाली ‘१०३’ दडलेला असेल, तर हेच पणजोबा डिसेंबर १९१५ पासून कुट-अल-अमाराच्या वेढ्यात अडकले होते. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली आणि तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. म्हणजे एका वाचनात पणजोबा घोड्यावर बसून शहरात शिरतात, आणि दुसऱ्या वाचनात घोडा खावा की उपाशी मरावं या पेचात बसलेले असतात. एवढंच बिघडलं.

हुद्द्यावरून सुटलं असतं. पायदळातला तो सिपाही, घोडदळातला तो सवार. तुम्ही लिहिलंत : ‘एस.’

गावावरूनही सुटलं असतं. तिथे तर तुम्ही कमाल केलीत. गाव होसूर. तालुका : कित्ता. जिल्हा : कित्ता. होसूर नावाचा तालुका आहे, बंगळूरच्या दक्षिणेला, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या सेलम जिल्ह्यात. होसूर नावाचं गाव बेळगाव जिल्ह्यातही आहे. होसूर नावाचा जिल्हा मात्र तुमच्या टाकाव्यतिरिक्त पृथ्वीच्या पाठीवर कुठे झाला नाही. आणि जिल्ह्याचा कित्ता खोटा निघाल्यावर तालुक्याच्या कित्त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

मोहिमेच्या रकान्यात ‘ई. ई. एफ.’ हे निदान वाचता येतं. इजिप्शियन एक्स्पिडिशनरी फोर्स. मल्लेश्वरमच्या अण्णांनी तेवढ्यावर पेढे वाटले : इजिप्त, पॅलेस्टाइन, हैफा, झालं! बेळगावच्या काकांनी लगेच काढून दाखवलं की १०५ वी मराठा लाइट इन्फंट्रीसुद्धा लाहोर डिव्हिजनबरोबर १९१८ मध्ये पॅलेस्टाइनात होती. त्यामुळे आता आमच्या कुटुंबात हैफा पक्ष, कुट पक्ष आणि १०५ वाल्यांचा एक छोटा मध्यममार्गी पक्ष, असे तीन तट आहेत. कुट पक्षाचं म्हणणं, ते पहिलं ‘ई’ मुळात ‘ई’ नाहीच, तो मेसोपोटेमियाचा ‘एम’ आहे. तुमचा ‘एम’ पाहिल्यावर मी त्यांना हसू शकत नाही. २३ सप्टेंबरला अण्णा कुटुंबाच्या ग्रुपवर घोडेस्वाराचं चित्र टाकतात, त्याखाली काका फक्त एक प्रश्नचिन्ह टाकतात.

त्यात १९२२ मध्ये तुमच्या वरिष्ठांनी पलटणींचे नंबरच बदलले. १०३ वी झाली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी. पानाच्या मागे कुणीतरी पेन्सिलीनं ‘५’ असा आकडा टाकला आहे. तो रेजिमेंटचा पाच, की १०५ चा उरलेला पाच, की पेटीचा नंबर, यावर एका लग्नात पंगत उठेपर्यंत वाद चालला. हा दोष तुमचा नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

इस्पितळाच्या नोंदीचा किस्सा मात्र तुमच्याच खाती. तिथे तुम्ही लिहिलंत ‘व्ही. डी. एच., हॉस्पि.’ पुतण्यानं भर बैठकीत पहिली दोन अक्षरं मोठ्यानं वाचली आणि तिसऱ्याला पोचायच्या आत थांबला. आत्या उठून आत गेल्या. ज्या पणजोबांनी आयुष्यभर एकादशी मोडली नाही, त्यांच्यावर शंभर वर्षांनी भलताच आळ! दोन दिवस घरात कोणी त्यांच्या फोटोकडे बघेना. मग कुणीतरी फौजी डॉक्टरांच्या संक्षेपांची यादी शोधली : व्हॅल्व्ह्युलर डिसीझ ऑफ द हार्ट. हृदयाच्या झडपेचा विकार. आत्यांनी फोटोला हार घातला, आणि तुम्हाला जे म्हणाल्या ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

शेवटची आशा शेऱ्याच्या रकान्यावर होती. तिथे डाव्या गुडघ्याला लाथ बसल्याची नोंद आहे. आम्ही सगळे पानावर वाकलो. घोड्याची लाथ असेल तर रिसाला, खेचराची असेल तर पायदळाची मशीनगन-तुकडी. तुम्ही लिहिलंत : ‘किक्ड बाय ॲनिमल, ऑन ड्यूटी.’ साहेब, जनावराची जात तरी लिहायची! माणसाची जात तर त्याच पानावर पूर्ण शब्दांत, ठळक, एकही अक्षर न गाळता लिहिली आहे.

आणि ठळक लिहिलेलं तेवढंच नाही. खालच्या कोपऱ्यात कपातीचा हिशेब आहे : हरवलेली घोंगडी एक, रुपया एक, आणे चार, पै तीन. काय ते अक्षर! मोत्याचे दाणे. आकड्यांवर आकडे, बेरजेखाली दुहेरी रेघ. पगार लिहिला असता तरी उलगडा झाला असता, कारण पायदळातल्या शिपायाला तेव्हा महिना ११ रुपये मिळत आणि रिसाल्याचा हिशेब वेगळा. पण दिलेले पैसे लिहायला तुम्हाला जागा पुरली नाही, कापलेले पैसे पैपर्यंत मावले. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, असा माझा समज होता. तो या कोपऱ्यानं दूर केला. तुम्हाला उत्तम लिहिता येत होतं. कशाला जपून लिहायचं आणि कशाला नाही, हे तुम्हाला नीट ठाऊक होतं.

तुमची बाजूही मी ऐकतो. एकटे तुम्हीच असे नव्हता. तुमचे साहेब रणांगणावर रोजनिशी लिहीत, त्यात गोरे अधिकारी नावानिशी जखमी होत आणि आमचे लोक ‘आय. ओ. आर. ३’ असे. इंडियन अदर रँक्स, नग तीन. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांची नुसती संख्या. गोऱ्या अधिकाऱ्याच्या पणतवंडानं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत फाइल मागवावी. साध्या इंग्रज सोल्जरच्या पणतवंडाला फार तर सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्याला दोष देता येतो, त्यात त्यांचे निम्म्याहून जास्त कागद जळाले. आमच्या कागदावर बॉम्ब पडला नाही. त्याला तुम्ही पुरे पडलात.

पण त्याच काळात तुमच्यासारख्याच कारकुनांनी पंजाबात काय केलं, ते ऐका. युद्ध संपल्यावर तिथल्या सरकारनं गावोगावच्या भरतीच्या नोंदी करवून घेतल्या. सुमारे ३ लाख २० हजार माणसं, गावासकट. त्या वह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या, आता त्या संगणकावर चढू लागल्या आहेत. जालंधरचा नातू लंडनमध्ये बसून आजोबांचं गाव टाइप करतो आणि आजोबा सापडतात. मी ‘होसूर, कित्ता, कित्ता’ टाइप करून काय शोधू?

पदकाची कड बघा, असं सुचवाल. चांदीच्या वॉर मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, युनिट ठोकलेलं असे, बरोबर. ती चांदी एका दुष्काळी वर्षी पणजीच्या धाकट्या जावेच्या पायात जोडवी होऊन गेली. आणि ती कडसुद्धा तुमच्यासारख्यांनीच पाठवलेल्या यादीवरून ठोकत.

जे. सी. नगरला म्हैसूर लान्सर्सचा स्मारकस्तंभ आहे, तिथेही जाऊन आलो. पणजोबा तिथे नाहीत. ते जिवंत परत आले, त्यामुळे दगडावरचा त्यांचा हक्क बुडाला आणि ते सर्वस्वी तुमच्या हवाली राहिले.

असो. पत्राला निमित्त असं, की जुन्या घराच्या दारावर पणजोबांच्या नावाची पाटी बसवायची ठरली आहे. काळा ग्रॅनाइट. कारागीर अक्षरागणिक पैसे घेतो. अण्णांना ‘म्हैसूर लान्सर्स, हैफा’ हवं होतं, काकांना ‘मराठा लाइट इन्फंट्री, कुट’, आणि वर्गणी दोघांचीही हवी. परवा तडजोड झाली. पाटीवर नाव येईल, आणि त्याखाली ‘एम. एल., १९१४–१९’. दोन्ही पक्ष खूश आहेत, खर्चही निम्म्यावर आला.

कळावे,
आपला,
एका ‘एस.’ चा पणतू,
बंगळूर

ता. क. : कारागिरानं विचारलं, खाली गाव घालायचं का. सगळे एका सुरात नको म्हणाले.