वसुलीवाला आणि आपली लाज

अहो वहिनी, जरा कुंपणाशी या ना. ती सुटलेली फळी सरकवा, म्हणजे तोंड तरी दिसेल. सकाळपासून बघतेय, फोन वाजला की तुम्ही तो पालथा घालताय. वसुलीवाल्याचा ना?

मला कसं कळलं म्हणजे? परवा भाऊजी कचऱ्याचा डबा लावायला आले होते, चेहरा पार उतरलेला. मी विचारलं, ते बोलले. गंमत बघा, त्या वसुलीवाल्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे तुमच्या देण्याचा विषय काढायला कायद्याने मनाई आहे. ते काम भाऊजींनी फुकटात केलं!

तर काय, लेकीचं अपेंडिक्स काढलं, हॉस्पिटल नेटवर्कमधलं, सर्जन नेटवर्कमधला, आणि भूल देणारा तेवढा बाहेरचा. त्याचं वेगळं बिल 1,840 डॉलरचं. ती बेशुद्ध व्हायच्या आधी तिने काय त्याला विचारायचं, की बाबा रे, तू आमच्या इन्शुरन्समध्ये आहेस का?

दाखवा बघू कागद. सीटी स्कॅन दोनदा लावलाय म्हणता? अहो नाही, हे बरोबर आहे. हे मशीनचे आणि हे फोटो वाचणाऱ्या डॉक्टरचे. त्यावर भांडू नका, आपलंच हसं होईल. हे तपशीलवार बिल मात्र जपा. इथे टेक्सासात 2023 पासून हॉस्पिटलला असं बिल पाठवल्याशिवाय वसुलीला लागता येत नाही.

भांडायचं ते भुलेवर. 2022 पासून नो सर्प्रायझेस ॲक्ट आहे ना! हॉस्पिटल नेटवर्कमधलं असेल तर भूल देणारा, स्कॅन वाचणारा, पॅथॉलॉजीवाला बाहेरचे असले तरी आपला वाटा नेटवर्कच्या हिशेबानेच. उरलेल्यासाठी त्यांनी इन्शुरन्सवाल्यांशी झगडावं, आपल्या दारात यायचं काम नाही. इन्शुरन्सचा तो ईओबी कुठाय? ‘हे बिल नाही’ असं वर छापलेलं असतं म्हणून लोक तो केरात टाकतात, आणि नेमका तोच कामाचा असतो. हां, बघा, तुमचा वाटा 210 डॉलर. म्हणजे 210. नशीब, तिला आपल्या गाडीतून नेलंत. हेलिकॉप्टरची अँब्युलन्स या कायद्यात बसते, रस्त्यावरची बसत नाही! कुणी डोकं चालवलं देव जाणे.

आणि भाऊजींनी फोनवर पन्नास डॉलर भरले म्हणे. पिच्छा सुटावा म्हणून? अहो, तो आता चटावला! आपल्या माणसांचं हेच. घर घेताना एजंटला घाम फोडतील, पण कुणी ‘देणं’ म्हटलं की मान खाली. कुणाचं बुडवलं नाही हे चांगलंच, पण जे लागतच नाही ते कशाला फेडायचं? वसुलीवाला त्या लाजेवरच तर पोट भरतो. त्याला ठाऊक असतं, ही मंडळी कागद मागायच्या आधी कार्ड काढतात.

तेव्हा फोनवर हो नाही, नाही नाही. पहिल्यांदा गाठल्यावर पाच दिवसांत त्याने हिशेबाचं पत्र धाडायचं असतं. ते हातात पडल्यापासून 30 दिवसांत लेखी कळवायचं, हे देणं मान्य नाही, पुरावा द्या. मग पुरावा पाठवेपर्यंत त्याला वसुली थांबवावीच लागते. कायदा 1977 चा आहे, पण फोनवर तो थोडाच सांगणार? पत्र सर्टिफाइड मेलने टाका आणि पोस्टात हिरवं कार्ड मागा. पाकिटाच्या पाठीला चिकटवतात, तिकडची सही घेऊन ते आपल्याकडे परत येतं. माझ्याकडे असलं एक अजून फ्रिजवर आहे. आमच्या ह्यांच्या गुडघ्याच्या वेळचं. काढवत नाही.

ग्रीन कार्ड अडेल म्हणाला? थापा! असं घाबरवणंच बेकायदा आहे. तारीख, वेळ, काय बोलला, सगळं वहीत उतरवा. सकाळी आठच्या आधी नि रात्री नऊनंतर फोन करायचा नाही, आणि आठवड्यात सातच्या वर केले तर तो छळच धरतात. क्रेडिटची धास्ती तर सोडूनच द्या. दवाखान्याचं देणं वर्षभर थकल्याशिवाय रिपोर्टवर चढत नाही, आणि 500 डॉलरच्या आतलं तर मोठ्या तिन्ही कंपन्या 2023 पासून धरतच नाहीत.

बरं, उद्या इन्शुरन्सला फोन लावा, म्हणावं क्लेम पुन्हा बघा. नाहीच ऐकलं तर सरकारकडे तक्रार आहेच. आणि रात्री जेवणं झाली की कागद घेऊन या, पत्र आपण मिळून लिहू. भाऊजींना मात्र घरीच ठेवा, नाहीतर मायना घालता घालता आणखी पन्नास डॉलर भरून मोकळे होतील.