भाऊंची टिंबं

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही जुन्या पतसंस्थेत जा, कॅशियरच्या मागे, पंखा थेट डोक्यावर येईल अशा जागी एक भाऊ बसलेले असतात. हुद्दा वरिष्ठ लिपिक. अधिकार विचाराल तर अध्यक्षांनाही स्वतःच्या खात्यावरची शिल्लक भाऊंनाच विचारावी लागते.

भाऊंचा कॉम्प्युटर विंडोज एक्सपीवर चालतो. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला बंद केला. पण तसं पत्र आवक रजिस्टरला नोंदलेलं नसल्यामुळे भाऊ ते मानत नाहीत. आत फॉक्सप्रोतलं सॉफ्टवेअर आहे. ते लिहिणारा मुलगा कधीच दुबईला गेला.

मग मंडळ ठराव करतं : नवा सर्व्हर, नवं सॉफ्टवेअर. शहरातून पाठीला बॅग लावलेला इंजिनिअर येतो. "काका, फक्त डीबीएफ फाइली द्या, दोन दिवसांत मायग्रेशन होतं." भाऊ चहा मागवतात आणि फाइली देऊन टाकतात. लोक भाऊंना आडमुठे म्हणतात. इतकं सहकार्य करणारा आडमुठा मी तरी पाहिलेला नाही.

फॉक्सप्रोत खोडलेली नोंद लगेच जात नाही. तिच्यावर नुसती खूण होते, आणि 'पॅक' म्हणेपर्यंत ती फाइलीत पडून राहते. भाऊंनी पॅक कधी केलंच नव्हतं. सोमवारी नवी सिस्टीम सुरू झाली तेव्हा खाती बंद करून गेलेले सगळे सभासद हजर! त्यात काही तर वैकुंठवासी, आणि त्यांच्याही ठेवींवर व्याज लागलेलं.

"काका, सांगायचं ना!"

"बाळा, तू डेटा मागितलास. मी सगळा दिला."

ते निस्तरलं. खरी पंचाईत टिंबांची झाली. जुन्या सॉफ्टवेअरात शेऱ्याला रकाना नव्हता, म्हणून भाऊ नावापुढे टिंबं देत. एक टिंब म्हणजे हप्ता थकलाय, नोटीस काढा. दोन म्हणजे माणूस सरळ आहे, उसाचं बिल आलं की भरेल. तीन म्हणजे अध्यक्षांचे पाहुणे, त्या वाटेला जायचं नाही. संस्था इतकी वर्षं या टिंबांवर चालली; पोटनियम ऑडिटपुरते. इंजिनिअरने डेटा 'क्लीन' करताना कचरा समजून ती सगळी पुसली.

महिनाअखेरीला नव्या सिस्टीमने आपण होऊन नोटिसा छापल्या. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा इशारा देणारी एक थेट अध्यक्षांच्या मेहुण्याच्या हातात पडली. अध्यक्ष चपला न काढता आत आले. इंजिनिअर म्हणाला, "साहेब, सिस्टीमला सगळे सभासद सारखे."

"अहो, पण सहकारात असं कसं चालेल?" अध्यक्ष कळवळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "यात टिंबं बसतील का?"

"वेगळी फील्ड करावी लागेल. त्याचं कोटेशन वेगळं."

भाऊंनी व्हाउचरवरून मान वर केली नाही. "नावातच बसतात," ते म्हणाले. "मी सकाळीच टाकलीत."