दिवाळीनंतर कुठे असता?

दिवाळी आठ-पंधरा दिवसांवर आली की सोसायट्यांत, बँकांत, आयटी कंपन्यांच्या लॉबीत एक टेबल लागतं. रंगवलेल्या पणत्या, आकाशकंदील, उटण्याची पाकिटं, कागदी पिशव्या. मागे बौद्धिक अक्षम प्रौढांना काम देणाऱ्या कार्यशाळेच्या दोन ताई आणि तिथलेच इस्त्रीचे शर्ट घातलेले चार-पाच तरुण. लोक खरेदी करतात, फोटो काढतात, कंपनीच्या अहवालात तो फोटो छापूनही येतो. पणत्या घेतल्या, चांगलंच केलं. पण मला विचारायचंय ते जुलैतल्या कुठल्याही मंगळवाराबद्दल. त्या दिवशी यांतला एखादा तरुण कुठे असतो? दिवसभरात कोणाशी बोलतो? त्याची दाढ दुखली तर ते कोणाच्या लक्षात येतं?

दाढेचं उगाच म्हणत नाही. ओळखीच्या एका घरातला चाळिशीचा गृहस्थ, बोलणं जेमतेम, अचानक पोळी ताटाबाहेर ढकलू लागला. भात तेवढा खायचा. रात्री स्वतःच्याच गालावर चापट्या मारायचा. घरचे म्हणाले हट्टीपणा वाढलाय, डॉक्टर म्हणाले या लोकांत असं होतं, आणि चिडचिडीवरची गोळी वाढली. शेवटी कार्यशाळेतल्या ताईंनी डबा खाताना पाहिलं, की हा एकाच बाजूने चावतोय. दाढ मुळापर्यंत किडली होती. एका दंतवैद्याने तर ‘भूल देणाऱ्या मोठ्या हॉस्पिटलात न्या’ म्हणून दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या बाईंनी सकाळची पहिली वेळ दिली, नुसतं खुर्चीत बसवलं, आरसा त्याच्या हातात दिला आणि घरी जाऊ दिलं. असं दोनदा. तिसऱ्या खेपेला दाढ निघाली आणि त्या आठवड्यात पोळी सुरू झाली.

ताईंची नजर आणि त्या डॉक्टरबाईंचा अर्धा तास यांची गाठ पडली म्हणून हे झालं. समाजाचा सहभाग म्हणून मी मागतोय तो हाच. आज तो नशिबावर सोडलेला आहे, आणि माझं भांडण या नशिबावर सोडण्याशी आहे.

दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्याने वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. अठरा पूर्ण झाली की शाळेची रिक्षा दारात यायची थांबते. कार्यशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर घर. वडील निवृत्त, आईचे गुडघे गेलेले आणि पस्तिशीचा तरुण दिवसभर टीव्हीसमोर. वजन वाढतं, झोप बिघडते. ‘आमच्यामागे याचं कोण?’ हा एकच प्रश्न आईबाप वर्षानुवर्षं उराशी घेऊन झोपतात. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनी एकत्र येऊन ‘घरकुल’ उभं केलं, त्यांना माझा दंडवत. पण प्रत्येक गावच्या थकलेल्या पालकांनी आपापलं घरकुल बांधावं, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

यातलं बरंच काही सरकारी कागदावर आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात स्थानिक स्तर समिती ठेवली. तिच्यात जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. प्रशासन, संस्था आणि ज्याचा प्रश्न तो स्वतः, तिघांना कायद्यानेच एका टेबलाशी बसवलंय. पालकांना ती आठवते अठरा वर्षांनंतरच्या कायदेशीर पालकत्वाच्या अर्जापुरती. न्यासाच्याच निरामय योजनेत 1 लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण आहे, आणि त्यात दवाखान्यात दाखल न होता केलेली तपासणीसुद्धा येते. कार्ड आहे, पण या माणसाला अर्धा तास देणारा डॉक्टर हवा ना! डाउन सिंड्रोम असलेल्यांत थायरॉइडचा विकार जास्त आढळतो, स्मृतिभ्रंशही लवकर गाठतो. इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमतेची दवाखान्यात नोंद असलेल्या प्रत्येकाला 14 व्या वर्षापासून दरवर्षी पूर्ण तपासणी देऊ केली जाते. आपल्या तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेने महिन्यातली एक सकाळ जवळच्या कार्यशाळेला दिली तर त्याला कुठल्या जीआरची वाट बघावी लागत नाही.

आणि आजार नसतानाही माणसाला चार माणसं लागतात. जुहूला 2018 साली ‘कॅफे अर्पण’ सुरू झालं. ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसं तिथे काम करतात, ऑर्डर घेतात, पदार्थ टेबलावर आणून ठेवतात. तिथे गिऱ्हाईक कॉफी प्यायला येतं, कुठल्याही वारी येतं आणि बिल भरून जातं. तेवढ्याने समोरच्या माणसाला पगार मिळतो, सहकारी मिळतात आणि उद्या सकाळी उठून जायला एक जागा मिळते. हे वाचनालयात का होऊ नये? पुस्तकं क्रमाने लावायचं काम ज्याला मनापासून आवडतं असा एक तरी तरुण जवळच्या कार्यशाळेत भेटेल. त्याला ते द्या, आणि रीतसर मेहनताना द्या. गणेश मंडळांनी यांना आरतीचा मान देऊन फोटो काढण्यापेक्षा रोज सकाळी सात ते आठ स्पीकर पूर्ण बंद ठेवावा. आवाजाने जीव घाबरा होतो म्हणून कित्येकांना गणपतीचं दर्शनच होत नाही.

पैशाचंही बोलू. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. व्हीलचेअर आणि तीनचाकी वाटल्या की फोटो चांगला येतो, आणि त्या लागतातच, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्याचे पाय धड आहेत आणि ज्याला दिवसभर सोबत हवी आहे, त्याच्या वाट्याला काय आलं? कार्यशाळेच्या रिक्षाचं भाडं, एका मदतनीसाचं मानधन, असल्या खर्चाची नावं यादीत घालायला कुणीतरी उभं राहून बोललं पाहिजे. पालक थकलेत; त्यांच्या बाजूला शेजाऱ्यांनी उभं राहावं. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हात वर करा आणि एवढंच विचारा: गेल्या वर्षीच्या 5 टक्क्यांतले किती रुपये आपल्या गावातल्या बौद्धिक अक्षम प्रौढांवर खर्च झाले, आणि कशावर? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.