दुष्काळी भागातली बुरशी

कोरेगावकरांना पावसाचा अनुभव कमी आणि त्यावरची मतं जास्त. पाऊस पडतो तो महाबळेश्वराला, वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर. ढग तिथे रिकामे होऊन आमच्यापर्यंत येतात तेव्हा त्यातला पाचवा हिस्साही उरलेला नसतो. ओल, शेवाळ, कपड्यांचा कुबट वास ही सगळी घाटमाथ्यावरच्या लोकांची दुखणी, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यामुळे माळ्यावर बुरशी निघाली तेव्हा घरात पहिल्यांदा काळजी पसरली नाही, अपमान पसरला. "आपल्यात? बुरशी?" हे म्हणाले. घरातलं कुणी जुगाराच्या अड्ड्यावर सापडलं असतं तरी यांचा चेहरा इतका पडला नसता.

गौरीचे मुखवटे काढायला मी वर चढले होते. वाशांवर काळे ठिपके, गाद्यांवर हिरवट मखमल आणि ट्रंकेवर पांढरी लव. मुखवटे तेवढे पितळेचे म्हणून वाचले.

आमचा माळा म्हणजे खानदानाचं पोट आहे. जे खाली पचत नाही ते वर जातं. सासऱ्यांची लोखंडी ट्रंक, पितळी बंब, नणंदेच्या रुखवतातला थर्माकोलचा बंगला, पुण्याच्या भाऊजींचा कॅरम, मेलेल्या आणि जिवंत अशा सगळ्या नातेवाइकांच्या गाद्या. शिवाय वाघ्या घेवड्याचं पोतं. आमच्या तालुक्याच्या या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते बुरशीला कुणी कळवलं नसावं; तिने पोत्याचा तळ कसलाही मान न राखता धरला होता.

बातमी फुटली आणि तज्ज्ञ यायला लागले. गवंडी म्हणाला, "वहिनी, ह्ये पत्रं काढा आन् स्लॅब टाका." पत्र्याचं काम करणाऱ्याने स्लॅबची निंदा करून नवा पत्रा सुचवला. रंगवाल्याकडे बुरशीरोधक रंग होता. भाऊजींनी फोनवरून घर विकून पुण्यात फ्लॅट घ्या म्हणून सांगितलं. ज्याच्याकडे जे विकायला होतं तोच आमच्या माळ्याचा रोग निघाला. वर चढून बघायची तसदी मात्र कुणी घेतली नाही, कारण शिडी हलते.

शेवटी सासूबाईंनी खालूनच निदान केलं. "चूल हुती तवा कुटं आली बुरशी? धूर वर जायचा, वासं कसं काळंभोर ऱ्हायचं. तुमी ग्यास आणला!"

या बोलण्यावर मी बरीच वर्षं मान डोलावत आले आहे. पण यात तथ्य निघालं. पूर्वी वर कौलं होती. चुलीची ऊब आणि धूर माळ्यातून फिरून कौलांच्या फटींतून निघून जायचा. लाकूड कोरडं राहायचं आणि किडीलाही ती काजळी मानवायची नाही. मग माकडांनी कौलं फोडली म्हणून पत्रा आला, पत्रा तापतो म्हणून खाली पीओपीचं सिलिंग आलं आणि वास जात नाही म्हणून स्वयंपाकघरात चिमणी आली. चिमणीचा पाइप बसवणाऱ्याने तो भिंतीबाहेर न काढता सिलिंगच्या वर सोडून दिला होता. भिंतीला भोक पाडायचे पैसे वेगळे होते म्हणे. म्हणजे आमची वरणाची वाफ, भाताचा घाम आणि रोजची फोडणी सरळ माळ्यावर जात होती. पहाटे पत्रा गार पडला की तिथे तिचं पाणी होऊन गाद्यांवर ठिबकायचं. बाहेर दुष्काळ आणि पत्र्याखाली महाबळेश्वर!

त्याला जाब विचारला तर तो शांतपणे म्हणाला, "पूर्वी बी धूर माळ्यावरच जायचा की." सासूबाईंनी त्याला चहा दिला.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. माझ्या घरात, तुमच्या घरात, स्वच्छतेवर व्याख्यान देणाऱ्या मावशींच्या घरातही. त्यांना हाकलता येत नाही, त्यांचं पाणी तोडता येतं. म्हणून आधी पाइप बाहेर काढला, मग दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत जाळीचे झरोके पाडले आणि त्यानंतरच हात लावला. कोरडा झाडू मारायचा नाही, बीजाणू घरभर उडतात. कोरोनातले मास्क शोधून काढले, साबणाच्या पाण्याने वासे पुसले, वाळवले, भिंतींना चुना दिला. चुना क्षारधर्मी असल्यामुळे बुरशीला मानवत नाही. यूट्यूबवरच्या एका बाईंनी ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करायला सांगितलं होतं. त्यातून क्लोरीन वायू निघतो. मग बुरशी राहते आणि पुसणारी जाते.

यांना राग आला की हे माहिती काढतात. बुरशीवरचं हॅमायसिन हे औषध पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येच शोधलं गेलं, ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याच्या नावातसुद्धा पिंपरी आहे, हे यांनी मला वर चढून सांगितलं. फडकं मात्र हातात घेतलं नाही.

खरी लढाई पुढे होती. ट्रंकेत मोडी कागद निघाले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी वाईला सापडलेल्या कागदांमधून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला. तेव्हा वाईला जे झालं ते कोरेगावात का होऊ नये, अशी यांना आशा. कागद सावलीत वाळवून जाणकाराकडे नेले. पूर्वजांनी बैल उधारीवर घेतल्याचा तो कागद होता. पैसे फेडल्याचा कागद त्यात नव्हता. इतिहासात रस असलेलं आमचं घर त्यानंतर एकदम वर्तमानात आलं.

गाद्यांचं तसं झालं नाही. कापसात शिरलेली बुरशी धुऊन जात नाही, गादी टाकावीच लागते. पण सासूबाईंनी एकेका गादीवर कोण बाळंत झालं होतं ते सांगायला सुरुवात केली आणि गाडी घेऊन आलेला माणूसही खाली बसून ऐकू लागला. त्या गाद्या सध्या अंगणात ऊन खात आहेत.

तरी सर्व सोयऱ्यांना विनंती : ज्यांचा ज्यांचा कॅरम, बंगला, बंब किंवा गादी आमच्याकडे 'थोडे दिवस' ठेवलेली आहे, त्यांनी ती दसऱ्याच्या आत घेऊन जावी. घेवडा कुणी मागू नये. वरचा चांगला निघाला, तो आम्ही खाल्ला.