मामांची सत्यप्रत

आमच्या मामांनी उभी नोकरी एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात काढली. मूळ कागद, त्याची झेरॉक्स, झेरॉक्सवर 'सत्यप्रत' असा शिक्का आणि शिक्क्याखाली राजपत्रित अधिकाऱ्याची सही, एवढं जमल्याशिवाय कुठलीही गोष्ट अस्तित्वात आहे असं ते मानत नाहीत. अशा माणसाच्या घरात विंडोज ९५ शिरलं. कोणी कोणाला जास्त छळलं, याचा निकाल अजून लागायचा आहे.

यंत्र लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेलं. जुळवणारा पोरगा निघताना म्हणाला, "काका, काही झालं तर बिनधास्त फोन करा, फॉरमॅट मारून देतो." मामांचा चेहरा पडला. चार फायलींना वाळवी लागली म्हणून अख्खी रेकॉर्डरूम पेटवून देण्यासारखा हा इलाज त्यांनी पूर्वी ऐकला नव्हता. त्यांनी पोराला चहा पाजून बसवून घेतलं आणि खराब होतं ते नेमकं काय, असं विचारलं. "बहुतेक वेळा रजिस्ट्री," पोरगा म्हणाला. यंत्रालाही रजिस्ट्री असते हे कळताच मामा खुर्चीत सावरून बसले.

कोणता प्रोग्रॅम कुठे बसवलाय, प्रिंटर कुठला, पडद्याचा रंग कोणता, अशा सगळ्या नोंदी विंडोज या रजिस्ट्रीत ठेवतं. ९५मध्ये ती दोन फायलींत असे, सिस्टिम डॉट डॅट आणि युजर डॉट डॅट. दोन्ही लपवलेल्या, शिवाय हात लावायला बंदी. त्यांची नक्कल काढायची तर डॉसमध्ये उतरून अ‍ॅट्रिब ही कमांड द्यायची आणि तिच्यापुढे उणे एच, उणे आर, उणे एस. मामा हे दिवेलागणीला, हातपाय धुऊन करत. एका खोलीत मामींचं शुभंकरोती, दुसरीत मामांचं उणे एच, उणे आर. मी लहानपणी दोन्ही पाठ केलं होतं.

खरं तर विंडोज ९५ दर वेळी नीट सुरू झालं की स्वतःच या फायलींची एकेक नक्कल करून ठेवायचं, डीए-शून्य अशा शेपटीची. मामांना ते साफ नामंजूर. "स्वतःची सत्यप्रत स्वतःच साक्षांकित करायची? आणि ठेवायची कुठे, तर त्याच डिस्कवर?" दुसऱ्या आक्षेपाला आजही उत्तर नाही. सी ड्राइव्हमधलं डी ड्राइव्हमध्ये टाकून निर्धास्त झोपणारी माणसं मी पाहिली आहेत. दोन्ही अक्षरं एकाच डिस्कवर राहतात, हे त्यांना डिस्क बसल्यावर कळतं.

तेव्हा फ्लॉपी. तिच्यात मावायचं १.४४ एमबी, आणि सिस्टिम डॉट डॅट तर प्रत्येक नव्या प्रोग्रॅमगणिक बाळसं धरत होती. एके दिवशी ती फ्लॉपीत मावेना. विंडोजच्या सीडीत कोपऱ्यातल्या एका फोल्डरमध्ये ईआरयू नावाचा प्रोग्रॅम होता, अशाच आणीबाणीसाठी. मामांनी तो शोधून काढला. तो ऑटोएक्झेक, कॉन्फिग, विन डॉट आयएनआय वगैरे मंडळी गोळा करून फ्लॉपीत बसवायचा आणि जे मावणार नाही ते बाहेर ठेवायचा. "म्हणजे मुख्य ते वगळायचं आणि किरकोळ बांधून द्यायचं!" मामा म्हणाले. "हा लिहिणारा आमच्या खात्यातून गेलेला दिसतोय." शेवटी त्यांनी पीकेझिप वापरून एक रजिस्ट्री दोन फ्लॉप्यांत विभागली. आता दोहोंपैकी एकीला जरी बुरशी आली तरी दुसरी निकामी, आणि मुंबईच्या पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी यायचीच. मग दोन संच. मग बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. मामी म्हणायच्या, घरात पापडांना हवाबंद डबा नाही, पण यांच्या फ्लॉप्यांना आहे.

विंडोज ९८ आलं आणि मामा दुसऱ्यांदा निवृत्त झाले. आता रोज पहिल्यांदा यंत्र सुरू केलं की स्कॅनरेग नावाचा प्रोग्रॅम रजिस्ट्री तपासून तिची नक्कल गठ्ठ्यात बांधून ठेवी. असे पाच गठ्ठे. बिघाड झाला तर डॉसमध्ये जाऊन तारखांच्या यादीतून हवा तो निवडायचा. इतकी सुबक व्यवस्था बघून मामांचा जीव कुठेच लागेना. पण सहावा गठ्ठा आला की सगळ्यात जुना गुपचूप जातो हे कळलं आणि त्यांना पुन्हा तरतरी आली. "अभिलेख नष्ट करायचा तर आधी यादीला मंजुरी लागते. हे कोणाच्या आदेशाने चाललंय?" दुसऱ्या दिवसापासून गठ्ठ्यांच्या नकला सुरू झाल्या.

मिलेनियम आणि एक्सपीचा काळ सुखात गेला. सिस्टिम रिस्टोअर आलं, कॅलेंडरात ठळक तारखा दिसू लागल्या, आणि मामा थोडे जाड झाले. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

पुढचं महाभारत विंडोज १०मधलं. सिस्टिम ३२मध्ये कॉन्फिग नावाचं फोल्डर आहे, त्याच्या पोटात रेगबॅक. विंडोज ठरावीक काळाने रजिस्ट्रीची नक्कल तिथे ठेवायचं. मामांची त्याच्यावर नजर असायचीच. २०१८मध्ये १८०३ ही आवृत्ती आली, आणि रात्री साडेदहाला मला फोन. "अरे, फायली आहेत, नावं आहेत, आणि आकार शून्य!" मी म्हटलं, काहीतरी बिघाड असेल. बिघाड नव्हता. विंडोजने डिस्कवर जागा कमी अडवावी म्हणून मायक्रोसॉफ्टने ही नक्कल काढणं जाणूनबुजून बंद केलं होतं. यातला मामांना आवडलेला भाग पुढचाच आहे. नक्कल काढणारं नेमून दिलेलं काम टास्क शेड्युलरच्या यादीत तसंच होतं आणि काम यशस्वीपणे पार पडल्याचा शेरा मारत होतं. फाइल कोरी, शेरा मात्र चोख. मामांना अनेक वर्षांनी कचेरीची आठवण येऊन भरून आलं.

बंद पडलेली सोय परत चालू करता येते. त्यासाठी रजिस्ट्रीतच एक नोंद घालावी लागते. आणि रजिस्ट्रीत हात घालण्याआधी रजिस्ट्रीचा बॅकअप घ्यावा, असा इशारा त्याच सूचनेच्या डोक्यावर असतो. मामांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता हे लोक तयार झाले."

मामींचं म्हणणं वेगळं आहे. "अहो, तुमच्या विंडोजची फाइल गेली तर मायक्रोसॉफ्टकडे दुसरी आहे. भाच्याच्या मुंजीचे फोटो गेले तर ते काय परत मुंज लावणार आहेत?" मुद्दा बिनतोड होता. मामांनी तो ऐकला आणि म्हणाले, "फोटोंचा बॅकअप काय, कोणीही घेतं." माझ्या मुंजीचे फोटो सध्या मामींच्या फोनमध्ये आहेत, आणि त्या फोनची काच तडकलेली आहे.

३१ मार्चला बॅकअप दिन पाळतात, असं मी मामांना मोठ्या हौसेने सांगितलं होतं. "त्या दिवशी आम्ही मध्यरात्रीपर्यंत बिलं काढत असायचो," ते म्हणाले. "बॅकअप कसला, श्वास घ्यायला फुरसत नसायची."

आता त्यांच्याकडे रिकव्हरी ड्राइव्ह आहे. १६ जीबीचा पेनड्राइव्ह, आधी त्यावरचं सगळं पुसून मग विंडोजच्या फायली भरलेला. सोबत बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली, छापून, लॅमिनेट करून. लॅमिनेट करण्याआधी तिच्यावर मामांनी स्वतःच सही केली. हल्ली सरकारही स्वसाक्षांकन चालवून घेतं, हे त्यांनी कडवटपणे का होईना, मान्य केलंय.

एकच गोष्ट राहिली आहे. परत चढवून बघितल्याशिवाय कुठलाही बॅकअप खरा नव्हे, हे मामांचं जुनं मत. पण या पेनड्राइव्हवरून विंडोज चढवायचं म्हणजे लॅपटॉपवरच्या सगळ्या फायली आणि बसवलेले प्रोग्रॅम आधी पुसले जाणार. चांगला चालता लॅपटॉप असा कोण पुसून देईल? परवा मी गेलो तेव्हा मामांनी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला होता.

"तुझा लॅपटॉप याच कंपनीचा ना? आणि मॉडेलही हेच?"

हेच. दुकानात मामाच सोबत आले होते आणि दुसऱ्या कुठल्याही मॉडेलकडे मला बघू दिलं नव्हतं. तेव्हा मला वाटलं होतं, भाच्याची काळजी.

"आणलायस का बरोबर?" मामांनी विचारलं.

मी बॅग पायांमागे सरकवली. "अरे, तुझी नऊ सतराची लोकल ना?" मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या. "पळ!"