शाश्वत सर

अमरावती-अकोला पट्ट्यात ही जात मुबलक आढळते. खरं नाव काहीही असो, आपण त्यांना शाश्वत सर म्हणू. पोरांच्या क्लासेसपायी बिऱ्हाड अमरावतीला, नोकरी अकोल्याला, त्यामुळे रोजचं अपडाऊन. जून 2022 मध्ये या दोन शहरांमधला 75 किलोमीटरचा पट्टा पाच दिवसांत डांबरून गिनेस बुकात गेला. सरांची कृषी अर्थशास्त्रातली पीएच.डी. मात्र सात वर्षं चालली होती.

प्रबंध होता एका जिल्ह्यातल्या सोयाबीन उत्पादनाच्या अर्थशास्त्रावर. पुढे सरांच्या हाताखालच्या पोरांनी तोच जिल्हे बदलून लिहिला. जिल्हे संपले तेव्हा तूर घेतली. नमुना 120 शेतकऱ्यांचा, आणि निष्कर्ष कायमचा ठरलेला: शेतकऱ्यांनी सुधारित तंत्रज्ञानाचा अवलंब करावा. मग वारं फिरलं. प्रोजेक्टच्या नावाआधी 'शाश्वत' नसेल तर वर फाइल हलेना. सरांनी जुन्याच स्लाइडींवर हिरवी पानं चिकटवली, मूल्यसाखळीचे बाण गोल फिरवले आणि बंगळूर-हैदराबादच्या परिषदा गाठू लागले.

2023 हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष. सर त्या वर्षी फार घाईत होते. ज्या वऱ्हाडात ज्वारी हेच जेवण होतं आणि सोयाबीनने तिला धुऱ्यापर्यंत रेटलं, तिथल्याच लोकांना सर ज्वारीतल्या तंतूंचे फायदे समजावून सांगत. एका चर्चासत्रात भाकर, झुणका, ठेचा असा बेत. सरांनी ताटाचा फोटो काढला, अर्धी भाकर खाल्ली आणि गुपचूप पनीरच्या रांगेत जाऊन उभे राहिले. (दोष त्यांना काय द्यायचा, भाकर गार झाली होती.)

माणूस वाईट नाही, हेही सांगितलं पाहिजे. हमीभाव ज्या खर्चाच्या दीडपट धरतात त्यात घरच्यांची मजुरी येते, पण स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्थिर भांडवलावरचं व्याज येत नाही. ते धरलं की होतो सी-टू खर्च. हा फरक सर इतक्या पोटतिडकीने फळ्यावर मांडतात की मागच्या बाकावरची पोरंही मोबाइल खाली ठेवतात. गोची होते ती बांधावर. मूर्तिजापूरकडच्या एका गावात सर प्रश्नावली भरून घेत होते. मशागत झाली, बियाणं झालं, फवारणी झाली. म्हातारा म्हणाला, "सायेब, रोही अन् रानडुक्कर कोनत्या रकान्यात लिवता? पीक उभं हाय तवरोक म्या रोज रातच्याले जागलीले जातो. थे मजुरी धरता का नाई?"

सरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "बाबाजी, ते आपण 'इतर'मध्ये धरू."

"किती धरू?"

सरांनी 'निरंक' लिहिलं आणि पुढच्या घरी गेले.

गावाकडे सरांची वडिलोपार्जित पाच एकर आहे. धाकटा भाऊ कसतो. 2024 च्या दिवाळीआधी त्याचा फोन आला, "दादा, सोयाबीन निघालं. इकू का ठेवू?" हमीभाव 4892 रुपये क्विंटल, बाजार त्याच्या बराच खाली, आणि सरकारी केंद्रावर ओलाव्याची अट 12 टक्के. सरांनी लॅपटॉप उघडला. सप्टेंबरात खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढलंय, ब्राझीलचं पीक यायला अवकाश आहे, शिकागोचा वायदा अमुक आहे. निष्कर्ष: थांब. भावाला कृषी केंद्राची उधारी भागवायची होती आणि सोंगणीचे मजूर दारात बसले होते. त्याने दुसऱ्याच दिवशी आपल्या वाट्याचं विकलं. नोव्हेंबरात ओलाव्याची अट 15 टक्क्यांवर आली तेव्हा ते पोतं अडत्याकडून पुढे गेलेलं होतं.

सरांचा वाटा मात्र ओसरीत थप्पी लावून राहिला. आयातशुल्क वाढूनही भाव काही हमीभावाला शिवला नाही. उन्हाळ्यात उंदरांनी खाल्लेलं वजा जाता उरलं ते भावानेच दादाचं म्हणून विकून दिलं, आणि पैसे बिनबोभाट खात्यावर टाकले.

सरांनी त्यावर शोधनिबंध लिहिला: लहान शेतकऱ्यांच्या विक्रीच्या निर्णयांतील त्रुटी. निबंधाचे गुण पदोन्नतीच्या फाइलीला लागले आणि सर प्रोफेसर झाले.